बुजऱ्या मेंढीचं कोकरू

साळू, त्या सांजेला मी मेंढीची मान धरून बसलो होतो आणि तू तिच्या कासेला लागलेलं कोकरू ओढून काढत होतीस. दोघांनी मिळून केलेलं आपलं शेवटचं काम ते. त्यात नवं काही नव्हतं. असली कामं आपण जन्मभर केली. कुणाचं कोकरू कुणाला लावायचं, कुणाला बांधायचं, कुणाला सोडायचं. पण त्या सांजेला आपण भांडत होतो, आणि भांडण पुरं व्हायच्या आत तू निघून गेलीस. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, हात जड चालतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तोंड चालतंय की. हात कशाला शिणवताय?"

मेंढी पहिल्या वेताची आणि बुजरी. पान हललं तरी उधळायची, आणि तिच्यामागं निम्मा कळप. अशा मेंढीचं कोकरू तिच्यापाशी ठेवायचं नाही, ही आपल्या धनगरांतली जुनी रीत. कोकरू पायावर उभं राहिलं की आईच्या अंगाला अंग लावून पळायला शिकतं. आई उगाच पळाली तर तेही उगाच पळतं, आणि मग जन्मभर पळतच राहतं. म्हणून लवकर काढायचं आणि एखाद्या थंड डोक्याच्या मेंढीला लावायचं. माझ्या बापानं तेच केलं, तुझ्या बापानं तेच केलं. मी कधी त्यावर विचार केला नव्हता. त्या सांजेला मात्र माझं मन होईना.

"ऱ्हाऊ दे की तिच्यापाशी," मी म्हटलं. "कास कशी भरलीया बग."

"दूध कुणाचं बी चालतंय. भ्या कुणाचं घेतंय ते बगा."

"आगं, वरडती ती."

"वरडू द्या. हुती सवय."

"तुला झाली व्हय?"

तू माझ्याकडं बघितलंस. कोकरू बगलेत मारलंस आणि मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपलीकडं दुसऱ्या मेंढीजवळ नेऊन सोडलंस. पण जायच्या आधी त्या बुजरीच्या पाठीवरनं हात फिरवलास. कुणाला दिसू नये असा. मला दिसला.

मग भाकरी खाल्लीस, गोळी घेतलीस, दाराची कडी नेहमीसारखी दोनदा चाचपलीस. सकाळी उठली नाहीस. डॉक्टर येऊन म्हणाला, झोपेतच काळीज थांबलं. मी बाजाराला निघालो की तू दर वेळी एकच सांगायचीस, "मरायचं आसलं तर सांगून मरा. मला वाटंकडं बगाय लावू नका." आणि तू काय केलंस? मला म्हणायचीस आणि स्वतः न सांगता गेलीस. ह्याचा मला अजून राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल.

तुझ्या भ्याचं मूळ मला ठाऊक आहे. आपला पोरगा बिरा तुझ्या पोटात होता. माणदेशात चारा संपला की आपण कऱ्हाडाकडच्या काळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जायचो, तसे निघालो होतो. उंब्रजच्या अलीकडं मोठा रस्ता ओलांडायचा होता. तू पुढं, घोड्याचा कासरा धरून. मी मागं. निम्मी मेंढरं पलीकडं, निम्मी अलीकडं, आणि मधी ट्रक आला. मी आवाज ऐकला. तू सगळं बघितलंस. तुझ्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. पण मी पळत आलो तवा तू घोड्याच्या मानेला मिठी मारून उभी होतीस आणि तुझे दात वाजत होते. ऊन चांगलं चढलं होतं, तरी वाजत होते.

त्या दिवसापासनं तुझ्या छातीत मेंढरं पळायला लागली. हे तुझेच शब्द. भाकरी थापता थापता हात थांबायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि तू म्हणायचीस, "पळाली बगा." पहिल्यांदा मी खुळ्यागत बाहेर बघायला गेलो होतो. मेंढरं बसलेली, रवंथ करत. परत आलो तर तू छातीवर हात ठेवून भिंतीला टेकलेली.

लोक म्हणाले, धसका घेतलाय. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. माझी आई म्हणाली, थेरं आहेत. मी तुझ्याशेजारी बसून राहायचो आणि तंबाखू मळायचो. तू म्हणायचीस, "तुमी आपलं मळत ऱ्हावा. तुमचा हात हलताना दिसला की मला जरा बरं वाटतंय." तेवढंच औषध होतं आपल्याकडं, लय वर्षं.

पण खरं सांगू का, तुझ्या भ्यानं आमची राखणही केली. एकदा पलूसच्या बाजूला ओढ्याकाठी जागा बघितली होती मी. सपाट, सावलीची, शेतमालक राजी. तू घोड्यावरचं सामान उतरू देईनास. "हितं न्हाई बसायचं." मी लय बोललो तुला. सगळ्या गोतासमोर बोललो. तू ऐकलं नाहीस, आणि आपण उंचावर जाऊन बसलो. वर कुठंतरी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवरनं कमरेएवढं पाणी चाललं होतं. सगळे तुझ्याकडं बघायला लागले. तू म्हणालीस, "मी रोजच भित्ये. एकांद्या दिवशी खरं व्हायचंच की." मेंढक्यांत तो बोल अजून चालतो. कुणी जास्त घाबरलं की म्हणतात, साळूबाईचा एकांदा दिवस आला बहुतेक.

आता नातीचं, स्वातीचं बोलतो. तिच्याबद्दलच बोलायचं आहे, बाकी सगळं त्याच्यासाठी.

बिरा आणि सून पलूसला द्राक्षाच्या कामावर गेले तेव्हा स्वाती दुधाची होती. आपणच वाढवली ती. तुझ्या घोंगड्यात झोपली, तुझ्या हातानं तेल लावून घेतलं, तुझ्या मागं मेंढरांत हिंडली. मोठी झाली, सांगलीला कॉलेजला गेली. आणि तिथं काय शिकली कोण जाणे, पण सुट्टीला येऊन तिनंच सांगितलं की आज्जीला होतंय त्याला नाव आहे, दवाखाना आहे, गोळी आहे. मी म्हटलं, "भ्याची गोळी? मग पोलिसास्नी बी द्या." ती हसली नाही. तिनं तुला एसटीत बसवलं आणि सांगलीला नेलं. मी मागनं पिशवी घेऊन.

ती डॉक्टरीण बाई चांगली होती. तुला वेडी म्हटली नाही. म्हणाली, "आजी, हा चिंतेचा आजार आहे. साखरेचा असतो, रक्तदाबाचा असतो, तसा हाही आजार आहे." तुझ्या तोंडाकडं मी बघत होतो. जन्मभर थेरं ऐकलेल्या बाईला कुणी आजार म्हटल्यावर तिचं तोंड कसं होतं ते मी त्या दिवशी बघितलं. गोळ्या चालू झाल्या. मेंढरं थांबली नाहीत, पण चालायला लागली, पळायची थांबली. तूच म्हणायचीस तसं.

मग त्या बाईनं विचारलं, तुमचं थोडं रक्त देता का, आम्ही अभ्यास करतोय. मी म्हटलं, "भ्या डोक्यात आसतंय. रक्त कशाला?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, आम्हालाही आधी तसंच वाटायचं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अंगाची राखण करतात. रोगजंतू आला की धावून जातात. पण माणूस वर्षानुवर्षं घाबरून राहिला, तर काही जणांत ह्या राखणदारांचं वागणं बदललेलं दिसतं. शत्रू नसताना जागे राहतात. अंगात बारीक सूज धरून ठेवतात. आणि खरं काम पडतं तेव्हा कधीकधी कमी पडतात."

तू एकदम म्हणालीस, "म्हंजे लाल्या."

"कोण लाल्या?"

"आमचं कुत्रं. एकदा लांडगा बगितला त्यानं, आणि मग काय, झुडपावर भुकायचं, सावलीवर भुकायचं, माझ्या पदरावर भुकायचं. रातध्याड भुकून पार गळून गेलं. आन परत लांडगा आला तवा पडून ऱ्हायलं."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी असंच नाही, पण जवळ आलात." मग त्यांनी दुसरंही सांगितलं. प्रत्येक पेशीत आईबापाकडनं आलेलं लिखाण असतं. ते बदलत नाही. पण त्याच्यावर बारीक बारीक खुणा असतात, आणि कुठलं लिखाण वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, हे त्या खुणांवर ठरतं. जगताना जे सोसावं लागतं, त्यानंही त्या खुणा बदलू शकतात. भिणाऱ्या माणसांच्या पेशींवर ह्या खुणा वेगळ्या आहेत का, ते आम्ही बघतोय. भ्यानं खूण झाली का खुणेनं भ्या आलं, तेही अजून कळत नाही.

खूण म्हटल्यावर मला कळलं. मी विचारलं, "बाई, आमच्यात खूण दोन परकारची. एक कान कातरून, ती मरंपातूर जात न्हाई. दुसरी लोकरीवर रंगाची, ती कातरणीला निघून जाती. ही तुमची कंची?"

बाई म्हणाल्या, "काही खुणा बदलतात असं दिसतंय. सगळ्या नाही. कुठल्या कशा, ते अजून शोधतोय. खोटं कशाला सांगू?"

मला ती बाई तेवढ्यासाठी आवडली. तू रक्त दिलंस. सुई टोचताना माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुमी मळा तंबाखू." दवाखान्यात कसा मळणार? नुसता अंगठा फिरवत बसलो तळहातावर.

त्यानंतर परीक्षेच्या दिवसात स्वातीचा फोन आला. फोन तू घेतलास. मी समोर होतो. तिचा आवाज मला ऐकू येत होता. ती रडत म्हणाली, "आज्जी, छातीत मेंढरं पळतायत गं."

तुझा चेहरा मी विसरणार नाही. ट्रकच्या दिवशीही तसा नव्हता.

तू तिला बरोबर बोललीस. श्वास सोड, भिंतीला पाठ लाव, जमिनीला हात लाव, पळू दे, दमतील. अर्धा तास बोललीस. पोर शांत झाली. फोन ठेवलास आणि म्हणालीस, "गेलं तिच्यात."

"काय गेलं?"

"माझं. बिरा पोटात हुता तवा मी भ्याले. त्याच्यात गेलं, त्याच्यातनं हिच्यात आलं. न्हाईतर माझ्या घोंगड्यातनं गेलं आसंल. कसं बी गेलं आसंल, माझंच हाय."

पुढच्या खेपेला तू डॉक्टरीण बाईला तेच विचारलंस. नातीचंही रक्त बघा म्हणालीस. बाई म्हणाल्या, "आजी, ह्या अभ्यासातनं एका माणसाचं भविष्य कळत नाही. पुष्कळ माणसांचं रक्त एकत्र बघून आम्ही अंदाज करतो. घराण्यात हा आजार दिसतो हे खरं. पण तो वारशानं किती आणि बघून-शिकून किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि भीतीच्या खुणा पोटच्या पोराला जातात का, हे उंदरांत बघितलंय, माणसांत अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तिला माझ्याकडे आणा. लवकर आली तर लवकर बरं वाटेल. औषध आहे, बोलणं आहे. आणि घरच्यांची सोबत, ती सगळ्यात आधी."

एवढं सगळं बाई बोलल्या. तू त्यातलं एकच घेतलंस, बघून-शिकून. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलीस. तासगाव गेल्यावर म्हणालीस, "बुजरी मेंढी हाय मी."

मी म्हटलं, "खुळी हायस."

"कोकरू काढाय पायजे."

"आगं, ती नात हाय, मेंढरू न्हाई."

"मेंढराचं खोटं, आन माणसाचं खरं, आसं कुठं आसतंय?"

साळू, आपण सगळं शहाणपण मेंढरांकडनंच शिकलो. पाऊस कवा येणार ते मेंढरांकडनं, माणूस कसा आहे ते मेंढरांकडनं. मग हे एवढंच तेव्हा चुकीचं कसं म्हणणार? आज म्हणतो. बाईंनी सोबत सांगितली होती. तू काढून घेतलीस तीच.

घरी आल्यावर देव्हाऱ्यातला भंडारा तू माझ्या हातावर ठेवलास. बिरोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द आपल्यात मोडत नाहीत. म्हणालीस, "स्वातीला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. कळलं तर ती माझ्यापासनं हटायची न्हाई. आन कळून आणिक भ्याली तर? दवाखान्यात न्या तिला, गोळ्या द्या. पर मी लांब ऱ्हाणार, आन का ते तुमी सांगणार न्हाई." तुझा हात इतका कापत होता की भंडारा माझ्या मुठीत कमी आणि जमिनीवर जास्त पडला. मी शब्द दिला. तुझा थरकाप थांबावा म्हणून दिला.

मग ते वर्ष. दिवाळीला स्वाती आली. तेलाची वाटी घेऊन तुझ्यापुढं पाठ करून बसली, लहानपणापासनं बसते तशी. तू उठलीस. म्हणालीस, "मोठी झालीस. तुझं तू कर." पोर वाटी धरून तशीच बसली. मग तिनं तेल लावलं, पण मागचे केस कोरडेच राहिले, हात पोचत नव्हता. तू दाराच्या आडनं बघत होतीस. मी दोघींना बघत होतो.

झोपायला तिला बिराच्या खोलीत घातलंस. फोन आला की माझ्या हातात द्यायचीस आणि कान मात्र माझ्या गालाला चिकटवायचीस. "जेवली का इचारा." मी म्हणायचो, "आज्जी विचारती, जेवलीस का?" की लगेच मांडीला चिमटा. "माझं नाव कशाला घेताय?" माझी मांडी काळीनिळी झाली असेल त्या वर्षात. हसू नकोस. खरंच झाली होती.

स्वाती दवाखान्यात जात होती, गोळी घेत होती, बाईंशी बोलत होती. बरी होती म्हणे. पण मला एकदा फोनवर म्हणाली, "आबा, आज्जी माझ्यावर चिडलीय का?" तुझा कान माझ्या गालाला होता. मी म्हटलं, "न्हाई गं. वय झालं तिचं." तू कान काढून घेतलास आणि चुलीकडं गेलीस. त्या दिवशी तुझी भाजी खारट झाली होती. मी खाल्ली.

तर ती सांज. ते कोकरू. आपण कशावरनं भांडत होतो ते दोघांनाही कळत होतं.

तू गेलीस त्या दिवशी स्वाती सांगलीहून दुपारच्या आत आली. बिरा पलूसवरनं आला. घर बायकांनी भरलं होतं. सगळ्या रडत होत्या, मोठ्यानं, आपल्यात रडतात तशा. स्वाती रडली नाही. तुला आंघोळ घालायला घेतलं तेव्हा ती उठली, कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली आणि तुझ्या डोक्याशी जाऊन बसली. तुझे पांढरे केस तिनं मोकळे केले आणि तेल लावत राहिली. पुढचे, मागचे, कानामागचे. एक म्हातारी म्हणाली, "पोरी, पुरं की आता." ती म्हणाली, "मागचे राहतात नेहमी."

माती आटपून आलो. माणसं पांगली. ती बुजरी अजून ओरडत होती, घसा बसला होता तिचा. बिरा म्हणाला, "आबा, ही मेंढी लय कटकट करती. बाजारात घालवूया." मी म्हटलं, "गप बस." मी वाघरीशी उभा होतो, तिथं स्वाती आली.

"आबा, एक विचारू?"

"इचार."

"आज्जीनं मला का टाकलं?"

सोडलं म्हणाली नाही ती. टाकलं म्हणाली. साळू, माझ्या छातीत तेव्हा पहिल्यांदा मेंढरं पळाली. इतकी वर्षं तू सांगत होतीस आणि मला वाटायचं कळतंय. नव्हतं कळत. खाली जमीन असते पण पायाला लागत नाही, तोंड उघडं असतं आणि वारा आत येत नाही. मी वाघरीची मेख धरली. सांगावं तर भंडाऱ्याचा शब्द मोडतो, आणि पोर अजून भ्याली तर? रक्तातनं आलंय, आजीचं आलंय, कानाची खूण आहे, असं तिच्या डोक्यात बसलं तर? न सांगावं तर ती जन्मभर टाकलेली राहते. तू जिवंत असतीस तर म्हटलं असतं, बाई, तुझा गुंता तू सोडव. पण तू नव्हतीस. मी म्हटलं, "थकलोय गं पोरी," आणि आत गेलो. ती तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. दाराची कडी दोनदा चाचपली. का चाचपली ते माझं मलाच कळलं नाही. मग देव्हाऱ्यापुढं गेलो. भंडारा मुठीत घेतला, कपाळाला लावला आणि देवापुढं परत ठेवला. शब्द असा परत करता येतो का, ते मी कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. देवाला एवढंच म्हटलं, राग आला तर माझ्यावर काढ, पोरीवर नको. आणि साळू, तुला म्हटलं, तूही माझ्यावरच काढ, सवय आहे मला.

बाहेर गेलो. स्वाती माझ्या आधी उठून वाघरीला टेकली होती. तुझं घोंगडं तिच्या अंगावर. मेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत नाहीत, बायकांनी ते बाहेर काढून ठेवलं होतं. तिनं उचललेलं. मी राहू दिलं.

ती म्हणाली, "आबा, हे कोकरू उपाशी आहे. ती मेंढी त्याला लाथ मारती."

खरंच मारत होती. थंड डोक्याची मेंढी, तुझी निवड. तिनं एकदाही पाजलं नव्हतं. कोकरू कोपऱ्यात बसलं होतं, तोंड उघडं, आवाज गेलेला.

"त्याची आई कुठाय?" तिनं विचारलं.

"ती काय, पलीकडं. कवापासनं वरडती."

"मग हे इथं का?"

"आय बुजरी हाय. कोकरानं तिच्याकडनं भ्या शिकू नये म्हणून काढतेत. तुझ्या आज्जीनं काढलं. आपल्यात तशी रीत हाय." मी थांबलो. "आन तुला बी तिनं असंच काढलं. चिडली न्हवती. तुझ्या छातीत मेंढरं पळाय लागली, तवापासनं तिला वाटलं, तिच्यातलं तुझ्यात यायलंय. म्हणून लांब सरली. फोन आला की कान माझ्या गालाला लावून बसायची. तू जेवली का, हे मी न्हवतो इचारत. तीच इचारायची."

स्वातीनं घोंगडं गच्च ओढून घेतलं. मग म्हणाली, "पण आबा, मला तर ते आधीच आलं होतं. आलंच होतं, तर मग लांब कशाला?"

बघ साळू. एवढं सोपं होतं. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही. ह्या पोरीला सुचलं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

मी म्हटलं, "भ्यालेल्या माणसाला हिशोब येत न्हाई, पोरी."

ती रडली. घोंगड्यात तोंड खुपसून, आवाज न करता, तुझ्यासारखीच. मला भीती वाटली. आता हिला झटका येतो का काय, मी चूक केली का काय. सांगलीच्या बाईंना फोन लावावा का? मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि तंबाखू नसताना तळहातावर अंगठा फिरवत राहिलो. ती रडता रडता माझ्या हाताकडं बघायला लागली.

मग मी जाळी उचलली आणि कोकरू घेतलं. बुजरीनं आम्हाला बघितलं आणि उधळली. पार दुसऱ्या टोकाला. कोकरू हातातनं सुटलं आणि तिच्यामागं पळालं, वाकडंतिकडं, पडत. हीच ती भीती होती तुला. पण मेंढी थांबली. कोकरू तिच्या अंगावर जाऊन आदळलं. तिनं मान वळवून त्याचा वास घेतला, पण कास इतकी ताठली होती की तोंड लावलं की ती दुखून पुढं सरायची. परत सरायची.

"धर पोरी तिला," मी म्हटलं.

स्वातीनं घोंगडं मेखेवर टाकलं आणि त्या मेंढीच्या मानेला मिठी मारली. मी मागनं कमरेला धरलं. मेंढी थरथरत होती. स्वातीचे हात माझ्या हाताला लागले तेव्हा गार होते, तेही थरथरत होते. माझेही असतील. कुणाचं कुणात जात होतं, कुणास ठाऊक.

कोकराची शेपटी हलायला लागली. कासेचा ताठा उतरेपर्यंत आम्ही दोघांनी मेंढी धरून ठेवली.